व्याह्यांचं वानप्रस्थ

आमचे व्याही मिशनरी होऊन फिजीला निघालेत, ही बातमी मी सदाशिव पेठेतल्या मावशीला फोनवर सांगितली, ही माझी पहिली चूक. बायको शेजारी बसलेली असताना स्पीकर चालू ठेवला, ही दुसरी.

"तरी मी तेव्हाच म्हटलं होतं!" मावशी म्हणाली. मावशीने तेव्हाच काय काय म्हटलं होतं याची नोंद कुणी ठेवली असती, तर महाराष्ट्राचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. "मुलगी अमेरिकेत दिलीत, जावई गोरा केलात, आता भोगा. पुढचा नंबर तुझा."

"मावशी, ते फिजीला चाललेत. मी युटामध्ये आहे."

"हे लोक घरापासूनच सुरुवात करतात."

"मावशी, तुझा जन्म कुठला?"

"मिरजेचा. का रे?"

"मिरजेत कुठे?"

फोनवर थोडी खरखर झाली. "वानलेसमध्ये," मावशी पुटपुटली.

डॉ. विल्यम वानलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी 1894 साली मिरजेत इस्पितळ काढलं आणि तेव्हापासून सांगली-मिरजेकडच्या निम्म्या सोवळ्या घरांनी आपला पहिला ट्यांहा तिथे फोडला. मीही त्यातलाच. पण हरेल ती मावशी कसली! "ते वेगळं. ते डॉक्टर होते."

"हेही डॉक्टरच आहेत. दातांचे. निवृत्त."

"म्हणजे फिजीच्या लोकांचे दात काढणार?"

"नाही. फ्रिज बघणार."

यावर मावशी इतका वेळ गप्प राहिली की फोन कट झाला असं वाटून मी तीनदा 'हॅलो' म्हटलं.

फ्रिजचं आधी सांगून टाकतो. आमच्या व्याह्यांच्या पंथाचं पूर्ण नाव 'येशू ख्रिस्ताचं अंतिम दिवसांतील संतांचं चर्च'. जग त्यांना मॉर्मन म्हणतं, पण हल्ली त्यांना ते नाव आवडत नाही. म्हणून व्याह्यांसमोर मी पूर्ण नाव घेतो आणि मध्ये एकदा श्वास घेतो. या पंथातली मुलं 18 पूर्ण झाली की दोन वर्षांसाठी आणि मुली दीड वर्षासाठी धर्मप्रचाराला बाहेर पडतात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावाची पट्टी आणि नेहमी जोडीने. आता 19 वर्षांची चार मुलं एका फ्लॅटमध्ये राहिली की त्या फ्लॅटचं काय होतं, हे ज्यांनी पुण्यात कॉट बेसिसवर दिवस काढलेत त्यांना मी काय सांगणार! तेव्हा या मुलांची घरं नीट आहेत ना, फ्रिजमध्ये काही उगवलं नाही ना, गाड्यांच्या टायरात हवा आहे ना, ऑफिसचा हिशेब लागतोय ना, हे बघायला मोठी माणसं लागतात. त्यासाठी निवृत्त जोडपी जातात. पगार नाही. उलट खर्च स्वतःचा. म्हणजे आयुष्यभर साठवलेले पैसे मोडून, परदेशात जाऊन, दुसऱ्यांच्या पोरांना 'भांडी घासून ठेवा रे' असं सांगायचं. हे काम आमच्याकडे सोसायटीचे सेक्रेटरी फुकटात करतात, पण त्याला कुणी धर्म म्हणत नाही.

कुठे जायला आवडेल ते जोडप्यांना कळवता येतं, पण शेवटचा शब्द सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयातून येतो. त्याला 'बोलावणं' म्हणतात. पूर्वी पोस्टाने जाडसर पांढरं पाकीट यायचं, 2018 पासून ते संगणकावर येतं. व्याह्यांचं आलं तेव्हा सगळी मुलं-नातवंडं जमेपर्यंत त्यांनी ते उघडलं नाही. भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि प्रत्येकाने आपला अंदाज म्हणून एकेक टाचणी टोचली. मी नाशिकला टोचली. सूचना म्हणून.

फिजी निघालं. 18 महिने.

त्या रात्री मला झोप आली नाही, कारण मी हिशेब करत होतो. आपल्याकडे चार आश्रम सांगितलेत. पहिले दोन आपण कसेबसे पार पाडतो. तिसरा वानप्रस्थ. तो मी आजवर फक्त पुस्तकात वाचला होता. आमच्या कॉलनीतले सगळे वानप्रस्थी सकाळी बागेत हास्यक्लब करून, येताना कोथिंबीर घेऊन घरी येतात. आणि ज्यांची मुलं अमेरिकेत, त्यांचा वानप्रस्थ सहा महिन्यांचा. व्हिजिटर व्हिसावर यायचं, नातवंडं सांभाळायची, पोळ्या करून फ्रीझरमध्ये रचायच्या, मुदत संपली की परतायचं. आम्ही नातवंडांसाठी परदेशी येतो. हे नातवंडं सोडून परदेशी निघाले होते. मला वाटलं, वैराग्यात आपण कमी पडलो. बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "ते ठीक आहे. पण ऑक्टोबरात आपण गेल्यावर डे-केअरमधून मुलांना आणणार कोण?"

खरा प्रश्न हाच होता. दोन्हीकडच्या आज्या एकाच वर्षी गायब होणार म्हटल्यावर लेकीच्या घरात जी शांतता पसरली, तिला आध्यात्मिक म्हणता आलं नसतं.

निघण्याआधी सगळ्या गोतावळ्याचं संमेलन ठरलं. मुहूर्त 24 जुलैच्या आसपासचा, कारण त्या दिवशी युटामध्ये सुटी असते. 1847 साली याच तारखेला पंथाचे तेव्हाचे पुढारी ब्रिगहॅम यंग आणि त्यांची माणसं सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. व्याह्यांना सहा मुलं, सहा सुना-जावई, 27 नातवंडं. म्हणजे दोघं धरून 41. अधिक आम्ही दोघं. एवढी माणसं आपल्याकडे एकत्र आली तर एक तरी आत्या रुसलेली असते आणि एक काका 'मला आधी विचारलं नाही' म्हणून लांब खुर्ची टाकून बसलेले असतात. इथे तसं काही दिसेना, तेव्हा मी अस्वस्थ झालो. मग लक्षात आलं, की रुसायला इथे वेळच ठेवलेला नव्हता. डोंगराच्या पायथ्याशी बागेतला एक मांडव भाड्याने घेतला होता आणि खांबावर प्लास्टिकचं आवरण घातलेलं वेळापत्रक लावलं होतं. 10.00 प्रार्थना. 10.10 टी-शर्ट वाटप. 10.30 पोत्यांची शर्यत. 11.30... ते पुढे सांगतो.

टी-शर्टांचं असं, की सहा मुलांच्या सहा शाखा आणि प्रत्येक शाखेला एक रंग. आमच्या लेकीच्या शाखेला आला भगवा. मुद्दाम नाही, चिठ्ठीत निघाला. बायकोने तो पंजाबी ड्रेसवर चढवला, मी टेरिकॉटच्या शर्टावर. दोघं शेजारी उभे राहिलो तर लेकीने फोटो काढला आणि तो फॅमिली ग्रुपवर गेला. दहा मिनिटांत मावशीचा निरोप आला : "शाबास. टिकून राहा."

पोत्यांची शर्यत, तीन पायांची शर्यत, चमच्यात लिंबू, सगळं आपल्या शाळेच्या गॅदरिंगसारखंच. फरक एवढाच, की इथे 72 वर्षांचे व्याही स्वतः पोत्यात उतरले. आपल्याकडे या वयाच्या माणसाला कोणी पोत्यात उतरू दिलं नसतं आणि उतरला असता तर मुलगा आणि सून यांच्यात दोन दिवस बोलणं झालं नसतं. व्याही दुसऱ्या उडीला पडले. उठले, गवत झटकलं आणि म्हणाले, "फिजीच्या डॉक्टरी तपासणीत पोतं नव्हतं."

मग जेवण. इथे मला थोडं थांबायला हवं, कारण इथेच दोन संस्कृती आमनेसामने आल्या आणि दोघींनीही डोळे मिटून घास गिळला. युटाच्या मेजवानीचा मानबिंदू म्हणजे हिरवी जेली. 2001 साली तिथल्या विधिमंडळाने जेलीला राज्याचा अधिकृत खाऊ म्हणून मान्यता दिली आहे. कोल्हापूरकरांना मिसळीसाठी हे अजून जमलेलं नाही. या हिरव्या जेलीत जुन्या रीतीप्रमाणे किसलेलं गाजर घालतात. बायकोने त्या थरथरणाऱ्या हिरव्या डोंगरातले केशरी तंतू पाहिले आणि माझ्या कानात म्हणाली, "गाजरहलव्याला अपघात झालाय." शिवाय जेलीतलं जिलेटिन प्राण्यांपासून येतं, त्यामुळे तिला नकाराचं कारण आयतं मिळालं. मला नाही मिळालं. मी मिरजेत असताना काय काय खाल्लंय, हे जावयाला माहीत होतं.

दुसरा पदार्थ बटाट्यांचा. किसलेले बटाटे, चीज, आंबट साय, चिकनच्या सुपाचा डबा, वरून कॉर्नफ्लेक्सचा कुरकुरीत थर, आणि हे सगळं भट्टीत. चव उत्तम. नाव विचारलं तर जावई म्हणाला, 'फ्युनरल पोटॅटोज'. कुणी गेलं की शेजारी हे करून घरी आणून देतात, म्हणून हे नाव. बायकोच्या हातातला चमचा तसाच राहिला. घरची मोठी माणसं प्रवासाला निघालीत आणि यांनी बाराव्याचे बटाटे केलेत! "यांना कोणी काही सांगत नाही का?" ती मराठीत म्हणाली. पण तेवढ्यात विहीणबाई एक वेगळी तसराळी घेऊन आल्या. तिच्यात टूथपिकला चिकटवलेला छोटा कागदी झेंडा होता आणि झेंड्यावर बायकोचं नाव. चिकनऐवजी मशरूमचं सूप घालून तिच्यासाठी वेगळे केले होते. 43 माणसांच्या धबडग्यात. मग काय बोलणार! बायकोने दोनदा घेतले.

आमच्याकडून गेले होते 130 बटाटेवडे. ते साडेसात मिनिटांत संपले. एक नात वडा हातात धरून विचारत होती, "हे सणाचं आहे की कुणी गेल्यावरचं?" म्हटलं, "बाळा, हे पाऊस पडल्यावरचं."

जेवताना आमच्या मावंद्याची गोष्ट निघाली. पूर्वी आपल्याकडे माणूस काशीला जाऊन आला की मावंदं घालत. म्हणजे जेवण परत आल्यावर. यांचं जेवण निघण्याआधी. असं का, असं व्याह्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पूर्वी परत येण्याची खात्री नसायची. कशाला खर्च करा आधी?" व्याही खूप हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यात धाकट्या नातवाच्या तोंडाला लागलेली जेली पुसली आणि मग पुन्हा पुसली. तोंड पहिल्यांदाच स्वच्छ झालं होतं.

मांडवाच्या एका बाजूला दहा फूट लांब कागद टांगला होता. त्यावर वंशवृक्ष. या लोकांना पूर्वजांचं भारी वेड. वंशावळ्या जमवणारी त्यांची संस्था 1894 सालची, म्हणजे आमच्या वानलेसच्याच वयाची. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा या युटावाल्यांनी मायक्रोफिल्मवर उतरवून आणल्या आहेत. कागदावरच्या एका खापरपणजीपुढे छोटी हातगाडी काढली होती. 1856 पासून पुढची काही वर्षं, बैलगाडीचे पैसे नसलेली कुटुंबं सामान हातगाडीवर लादून आयोवाहून सॉल्ट लेकपर्यंत चालत आली, त्यातली ती. सुमारे 2,000 किलोमीटर. बायकोने हिशेब केला, "आळंदी-पंढरपूरच्या आठ वाऱ्या. एका दमात." मग तिने त्या हातगाडीच्या चित्राला सवयीने नमस्कार केला. ते पाहून एका नातीनेही केला.

"तुमचा वृक्ष?" व्याह्यांनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. मी वडील लिहिले, आजोबा लिहिले, पणजोबा लिहिले आणि पेन खाली ठेवलं. म्हटलं, "संपला." "म्हणजे? त्याआधी कोणी नव्हतं?" आता यांना कसं सांगावं, की श्राद्धाला तीनच पिढ्या लागतात आणि चौथीची चौकशी गुरुजीही करत नाहीत. व्याह्यांनी मला फिजीहून फावल्या वेळात शोध घेण्याचं वचन दिलं. आमचे पूर्वज फिजीतून सापडणार! त्यातला एखादा कर्ज बुडवून पळालेला निघू नये, एवढीच प्रार्थना आहे.

आणि आता ते राहिलेलं 11.30. वेळापत्रकात लिहिलं होतं : 'आजोबांबरोबर हिंदी'. आजोबा म्हणजे मी.

व्याह्यांचा तर्क सरळ होता. इंग्रजांनी 1879 ते 1916 या काळात सुमारे 60,000 हिंदुस्थानी मजूर करारावर उसाच्या मळ्यांत राबायला फिजीत उतरवले. त्या 'अ‍ॅग्रीमेंट'चं झालं 'गिरमिट' आणि माणसं झाली गिरमिटिये. त्यांची मुलंबाळं तिथलीच झाली, त्यामुळे फिजीत हिंदी चालते. आणि आपल्या घरात एक अस्सल भारतीय आहे, तर शिकून घेऊ. त्या बिचाऱ्यांना कल्पना नव्हती, की हा भारतीय मराठी आहे. बँकेने मला तीन वर्षं लखनौला पाठवलं होतं. तिथला शिपाई मी तोंड उघडलं की भिंतीकडे वळून उभा राहायचा आणि त्याचे खांदे हलायचे. साहेबांनी शेवटी मला सांगितलं, "आप लिख कर दिया कीजिए।"

पण आता माघार नव्हती. भगव्या टी-शर्टात मी बाकावर चढलो. "हमको भूक लगी." 41 तोंडांनी म्हटलं, "हमको भूक लगी." "पानी खलास हुआ." "पानी खलास हुआ!" "तुम किधर जाता है?" लेक मागे उभी राहून कपाळाला हात लावत होती. "बाबा, निदान 'कहां' तरी म्हणा!" मी म्हटलं, "जे येतं ते शिकवतो. शाळेतही तेच चालतं." व्याह्यांनी वहीत रोमन लिपीत सगळं उतरवून घेतलं आणि स्वतःचं वाक्य तयार केलं : "हम दात का डॉक्टर था. अब हम फ्रिज देखेगा."

संध्याकाळी त्यांचं फिजीतल्या सुव्हाच्या ऑफिसशी व्हिडिओवर बोलणं होतं. पलीकडे तिथल्याच एक भारतीय वंशाच्या बाई होत्या. व्याह्यांनी न विचारता आपलं वाक्य फेकलं. मी दाराआड लपलो. बाई आनंदाने हसल्या आणि म्हणाल्या, फारच छान, आमच्यासारखीच बोलता की, कुणी शिकवलं? नंतर जावयाने वाचून सांगितलं, की फिजीच्या हिंदीत 'मी'ला 'हम'च म्हणतात आणि क्रियापदांना लिंग-वचनाचा फारसा जाच नाही. लखनौने तीन वर्षं हसून घेतलं ती माझी हिंदी चुकीची नव्हती तर! फक्त चुकीच्या देशात पोस्टिंग झालं होतं.

रविवारी चर्चमध्ये दोघांची निरोपाची भाषणं झाली. संध्याकाळी घरी तिथले स्थानिक प्रमुख आले. यांच्यात गावपातळीवर पगारी पुरोहित नसतात. हे गृहस्थ आठवडाभर टायरचं दुकान चालवतात. त्यांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, दक्षिणा न घेता लिंबू सरबत प्यायले आणि गेले. त्या क्षणापासून व्याही झाले 'एल्डर' आणि विहीणबाई 'सिस्टर'. पट्ट्याही तशाच. 19 वर्षांच्या मिसरूड फुटलेल्या पोरालाही ते 'एल्डर'च म्हणतात, हे ठीक. आपल्याकडेही पाच वर्षांच्या मुंजीच्या मुलाला गुरुजी 'बटु महाराज' म्हणतात. पण 48 वर्षं संसार केलेल्या बायकोला एका रात्रीत 'सिस्टर'? बायको म्हणाली, "आपल्याकडे हे काम नवरे निवृत्तीनंतर आपोआप करतात. पट्टी लागत नाही."

रात्री सुरू झालं खरं कर्मकांड. बॅगा भरणं.

प्रत्येकी दोन बॅगा, प्रत्येक 23 किलोची. 23 हा आकडा आमच्या बायकोच्या आयुष्यात मंगळसूत्राइतकाच महत्त्वाचा आहे. गेली नऊ वर्षं गोडा मसाला, मेतकूट, जाड पोहे, कुळथाचं पीठ, कंदी पेढे आणि नातवाचा लाकडी पाट ती 23 किलोत बसवत आली आहे. विहीणबाईंची दुसरी बॅग हातकाट्याला लावली. व्याह्यांनी उचलून धरली, मी आकडा वाचला. 24.6. व्याहीद्वय हताश झालं. बायको पदर खोचल्यासारखी टी-शर्टाची बाही वर सारून पुढे झाली. "उघडा."

बॅग उघडली. शेंगदाण्याच्या लोण्याच्या दोन बरण्या. पॅनकेकच्या पिठाचं पाकीट. विणकामाच्या सुया. कसल्याशा सॅलडच्या मसाल्याच्या 11 पुड्या. मी म्हटलं, "फिजीत मिळत नाही का काही?" बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. कुळथाचं पीठ न्यू जर्सीत मिळतं, हे मी तिला एकदा सांगितलं होतं. तेव्हाही असंच बघितलं होतं. तिने मोजे बुटांत कोंबले, कपड्यांच्या घड्या मोडून गुंडाळ्या केल्या, जड बूट विहीणबाईंनी पायातच घालून जावं असं ठरवलं. 23.9. सगळ्यात खाली एक चौकट होती. सकाळीच छापून आणलेला संमेलनाचा फोटो, सहा रंगांत 43 माणसं, आम्ही दोघं कडेला भगवे. विहीणबाईंनी ती छातीशी धरली आणि 'ही नाही' अशी मान हलवली.

बायकोने ती हळूच त्यांच्या हातून घेतली. मागच्या खिळपट्ट्या वर केल्या, काच काढली, फोटो परत बसवला, पट्ट्या दाबल्या. काच माझ्या हातात दिली. 22.8. "वजन काचेचं असतं," ती म्हणाली. लेकीने इंग्रजी करून सांगितलं. तसं ते इंग्रजीत अगदीच साधं वाक्य होतं, पण विहीणबाई तिच्या गळ्यात पडल्या आणि काचेचा तुकडा हातात धरून मी आणि व्याही पंख्याच्या पात्यांबद्दल काहीतरी बोलू लागलो.

सोमवारी सकाळी निघायचं होतं. जायचं आधी कुठे, तर प्रोव्होला, आठवडाभराच्या प्रशिक्षणाला. घरापासून 70 किलोमीटर. म्हणजे आमच्या पुण्याहून लोणावळा. तरी सगळे असे उभे होते, की जणू बोट बंदराला लागली आहे. बायकोने दोघांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. व्याह्यांनी विचारलं, हे कशासाठी. "काम फत्ते व्हावं म्हणून." त्यांनी हात चाटूनपुसून साफ केला. मग मी त्यांना शिकवलं, की आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. "पण मी तर जातोय," व्याही म्हणाले. "हो. पण म्हणायचं 'येतो'." "आणि येताना काय म्हणायचं?" "येताना बोलायचं नाही. चहा टाका म्हणायचं." चहाचं नाव काढलं आणि माझी जीभ चावली गेली.

कारण त्या घरात चहा नाही. 1833 सालची त्यांची एक धर्माज्ञा आहे, तिच्यामुळे चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. पहिल्यांदा आम्ही आलो तेव्हा विहीणबाई स्वतः दुकानात गेल्या, आयुष्यात प्रथमच चहाचं खोकं विकत घेतलं, तेही कोणता घ्यावा हे कळेना म्हणून चित्रावर हत्ती बघून. ते मैद्याच्या डब्यामागे ठेवलेलं असतं. आम्ही आलो की निघतं, गेलो की परत मागे. इतक्या वर्षांत त्यांनी त्याचा वासही घेतलेला नाही, पण प्रत्येक वेळी साखरेचं भांडं मात्र शेजारी आठवणीने.

"येटो," व्याही म्हणाले. "येते," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचं व्याकरणसुद्धा बरोबर आलं. माझ्याकडे न शिकल्याचा फायदा. गाडी वळली.

घराची किल्ली लेकीकडे, फ्रिजवर 14 सूचनांची यादी. झाडांना पाणी, गाळणीची जाळी, शेजारच्या मांजराला घरात घेऊ नये. चौदावी सूचना नुसती एवढीच : 'चहा, मैद्यामागे.' लेक आणि जावई मुलांना घेऊन आवरायला मागच्या अंगणात गेले. घरात एकदम इतकी शांतता झाली की फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली. बायको म्हणाली, "घोटभर टाकते."

तिने मैद्याचा डबा सरकवला. मागे जुनं हत्तीचं खोकं होतं, त्यात दोनच पुड्या उरलेल्या. आणि त्याच्यामागे एक नवं, न फोडलेलं. शंभर पुड्यांचं. बायकोने ते उलटंपालटं केलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तळाशी छापलेली बारीक तारीख वाचली. मग बोटांवर महिने मोजले.

"त्या आल्यावरही चार महिने चालेल," ती म्हणाली.

"मग फोड की. जुन्यात काय उरलंय?"

"नको. जुन्यात दोन आहेत. आपल्याला पुरतात." तिने नवं खोकं होतं तिथेच ठेवलं आणि त्याच्यापुढे मैद्याचा डबा सरकवला. "हे त्या आल्यावर फोडू."

"अगं, त्या कुठे पितात चहा?"

"आपण पिऊ. त्या बघतील."